थापाड्याचे मालक

बेंगळुरूत जे. पी. नगरच्या आमच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याला बसा म्हणत नसत. आधी भिंतीपुढे उभं करत. भिंतीवर तीसेक फोटो चिकटवलेले होते आणि वर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि कन्नडमध्ये, 'खोटं' असं लिहिलं होतं. सहा बोटांची नवरी. ओठांच्या बाहेर दातांची दुसरी रांग आलेले भटजी. मंगळसूत्राची झालेली पर्सची चेन. कल्याणमंडपाबाहेरची पाटी, जिच्यावरची अक्षरं कन्नड नव्हती, इंग्रजी नव्हती, कुठल्याच मुलखातली नव्हती. "हे सगळं आमच्याकडेच झालंय," अण्णा शांतपणे सांगत, "आता बोला, कॅसेट ठेवून जाणार का घेऊन जाणार?" निम्मी गिऱ्हाइकं घेऊन जात. मी संगणकामागे बसून दातओठ खात असे. दुकान चालवायची ही कुठली रीत, असं मी त्यांना तोंडावर विचारलंही होतं. "सरी, बरं, विचारलंस ना, आता काम कर," म्हणाले.

आमचं काम जुन्या व्हिडिओ कॅसेटी साफ करायचं. लग्नं, मुंजी, बारशी, कुणाच्या आजोबांची साठीशांत. कॅसेटवरचं चित्र संगणकात उतरवून घ्यायचं आणि मग एआयच्या सॉफ्टवेअरला द्यायचं. जुन्या चित्रात मुंग्या फिरत असतात, चेहऱ्याच्या जागी नुसता गव्हाळ ठिपका असतो. सॉफ्टवेअर तो ठिपका मोठा करतं, आणि नाकडोळे जिथे दिसत नाहीत तिथे ते आपल्या मनाने भरतं. मनाने भरतं हे लोकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं काच पुसली की पलीकडचं दिसतं, तसंच हे. म्हणून अण्णा त्याला 'थापाड्या' म्हणत. त्यांचा त्याच्यावर जीव होता, तेही सांगते. काम चांगलं उतरलं की संगणकाच्या डब्यावर हात ठेवून "भले" म्हणत. पण विश्वास काडीचा नाही. "हुशार आहे," म्हणत, "पण त्याला गप्प बसता येत नाही. 'दिसत नाही' एवढं म्हणायला तो शिकला की मी रिटायर होतो."

दुकान बंद होऊन आता वर्ष झालं. होसकोट्याचं प्रकरण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही अर्धंच सांगितलंय. ते सांगायचं तर आधी अण्णा कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर त्या दिवशी मी काय करून बसले होते ते कळणार नाही.

मी निपाणीकडची. बेंगळुरूत आठ वर्षं एका कंपनीत काढली आणि एका सोमवारी कंपनीने आमची अख्खी टीम घरी बसवली. त्याच आठवड्यात भाजी घेऊन येताना एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरून कुणी तरी कुणाला तरी मराठीत झापताना ऐकू आलं. "अरे तुला कुणी सांगितलं त्याला मिशी होती म्हणून? तू गेला होतास का लग्नाला?" इथे कानावर मराठी पडली की पाय थांबतातच. मी पिशवीसकट जिना चढले. आत एकटेच अण्णा होते, आणि झापत होते ते संगणकाला. मला बघून त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "तुला कान बघता येतात का?" एवढंच विचारलं.

कानांचं त्यांना वेड होतं. थापाड्या चेहऱ्यावर मेहनत घेतो, कानाकडे दुर्लक्ष करतो, हा त्यांचा शोध. त्यामुळे काम तपासताना ते चेहरा बघतच नसत. पुठ्ठ्याला भोक पाडून तो पुठ्ठा पडद्यावर धरत आणि भोकातून नुसते कान बघत फिरत. बापाचा कान, मुलाचा कान, पुन्हा बापाचा. घाईत लाटलेल्या पोळीसारखा कान दिसला की समजायचं, इथून पुढे चेहराही घरचा नाही. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा एका नवरदेवाचे दोन कान दोन वेगळ्या माणसांचे निघाले आणि माझं हसणं बंद झालं.

अण्णा दुकानात कधी बसत नसत. तीस वर्षं लग्नांत खांद्यावर कॅमेरा घेऊन उभे राहिले होते. उजवा खांदा कायमचा खाली गेला होता आणि बसायची सवयच मोडली होती. जेवायचे उभ्याने, फोनवर बोलायचे उभ्याने, आणि दुपारी बरोबर तीनला समोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानेच खायच्या हॉटेलात, माझ्यासोबत बाय-टू कॉफी, एका कॉफीचे दोन कप करून, प्यायचे. त्या तीनच्या कॉफीसाठी त्यांनी एकदा इन्कम टॅक्सच्या माणसाला जिन्यात ताटकळत ठेवलं होतं. आलेली कॅसेट ते आधी नाकाला लावत. "डांबरगोळ्या. ही कपाटात होती, टिकली असेल," किंवा "स्वयंपाकघरातल्या माळ्यावरची, बुरशी आहे, स्वल्प जपून," असं सांगत, आणि ते खरं निघे. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडे आलं, असं ते सांगत. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड होतं. माझी मराठी त्यांना भांडखोर वाटायची. मीही तशीच आहे, त्यामुळे तक्रार नव्हती.

आता दोन रिवाज सांगते. दोन्ही अण्णांनीच घालून दिलेले.

पहिला असा, की कॅसेट घेतानाच घरच्या माणसांचे चार-पाच स्पष्ट फोटो मागून घ्यायचे. नवरा, नवरी, आईबाप, जवळचे मामाकाका. ते फोटो संगणकात 'घरची माणसं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे. म्हणजे ठिपक्याच्या जागी चेहरा काढायची वेळ आली की थापाड्या कुणाचाही चेहरा न काढता त्या फोटोंतला बघून काढतो. लग्नात हे बरोबरच असतं, कारण नवऱ्याच्या जागी नवराच बसलेला असतो, त्यात शंका नसते.

दुसरा रिवाज साक्षीचा. काम पुरं झालं तरी ते दुकानाबाहेर जायचं नाही, जोवर त्या माणसाला जिवंतपणी पाहिलेलं कुणी तरी येऊन, बघून, 'हेच ते' म्हणत नाही. गिऱ्हाइकं वैतागत. एकदा एक बाई आल्या होत्या, त्यांची आई त्या दोन वर्षांच्या असताना वारली होती. आईचं चालतंबोलतं असं एका बारशाच्या कॅसेटमधलं अर्धं मिनिट, तेवढंच शिल्लक. फोटो फक्त एक, तोही लग्नाआधीचा. थापाड्याने आई अशी काही काढली की बाईंनी पडद्याला हात लावला. मग साक्षीला त्यांच्या मावशी आल्या, ऐंशीच्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, छान आहे, पण ही आमची अक्का नाही. अक्काची डावी पापणी खाली असायची, आणि हसताना ती तोंड मिटायची. अण्णांनी तिथल्या तिथे चेहरा पुसला आणि पहिला गव्हाळ ठिपका परत आणला. बाई रडल्या, मग चिडल्या. मला ती चालली असती, तुम्ही कोण ठरवणारे, म्हणाल्या. "ठिपका आहे, पण तुमच्या आईचा आहे," अण्णा म्हणाले. बाई ठिपका घेऊन गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. मी त्या दिवशी अण्णांशी कडाकडा भांडले. इतकं ताठ राहून कुणाचं भलं होतं, असं मला खरंच वाटत होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी होसकोट्याहून फोन आला.

तिथे मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्याचे मॅनेजर आमचं जुनं गिऱ्हाईक होते. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट आम्ही केली होती, आणि ती बघून त्यांच्या घरी सगळे ढसाढसा रडले होते. आता त्यांच्याकडे चोरी झाली होती. मागच्या भिंतीवरून तांब्याच्या तारेचं भेंडोळं गेलं होतं. कॅमेऱ्यात पहाटेच्या धुक्यातला आठ सेकंदांचा तुकडा मिळाला होता. माणूस दिसत होता, चेहरा दिसत नव्हता. माझ्या आईचा चेहरा काढलात, मग चोराचा का नाही, असं ते म्हणाले.

अण्णा तेव्हा देवनहळ्ळीला बहिणीकडे देवकार्याला गेले होते. देवाच्या कामाला गेले की ते फोन बंद ठेवत. मी कामाला हो म्हटलं. केवढं मोठं काम, आणि आयतं चालून आलेलं. शिवाय भिंतीपुढे उभं करायला कुणी नाही.

मॅनेजरनी क्लिप पाठवली आणि सोबत एक फोटो. ओळखपत्रावरचा, गणवेशातल्या एका पन्नाशीच्या माणसाचा. त्या पहाटे ड्यूटी ह्याची होती, आमचा ह्याच्यावरच संशय आहे, बघा जुळतो का, असं खाली लिहिलं होतं. क्लिपमध्ये भिंतीवर चढणारा माणूस एकदाच मागे वळून बघत होता. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. मी काय केलं असेल? कॅसेटबरोबर फोटो आला की तो कुठे टाकायचा, हे माझ्या हाताला पाठ होतं. हात सवयीने चालला. तो फोटो मी 'घरची माणसं'मध्ये टाकला.

अकरा मिनिटांनी पडद्यावर माणूस वळला, आणि तो गणवेशातलाच माणूस होता. नाक, जाड भुवया, गालावरची खळगी, सगळं. माझ्या अंगावर काटा आला. अभिमानाने आला, खोटं कशाला बोलू. साक्षीची आठवण झाली होती, तीही सांगते. पण चोराला ओळखायला कोण येणार, असं मी स्वतःलाच समजावलं आणि क्लिप पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला अण्णा आले. प्रसादाची पुडी संगणकाजवळ ठेवली, मला एक दिली. मी फुशारक्या मारत त्यांना क्लिप दाखवली. त्यांनी पुठ्ठा मागितला. भोकातून कान बघितला, मग मूळ क्लिप लावायला सांगितली. तिथे कानाच्या जागी चार चौकोनी ठिपके होते. त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला.

"ह्या माणसाचा फोटो तुझ्याकडे कुठून आला?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळायला लागलं. लग्नात नवऱ्याच्या जागी नवराच असतो. भिंतीवर कोण होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मॅनेजरनी ज्याचा संशय घेतला, त्याचा चेहरा मी माझ्या हाताने चोराच्या धडावर बसवून दिला होता.

अण्णा खुर्चीवर बसले. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना बसलेलं पाहिलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी मॅनेजरना फोन लावला. मॅनेजर खुशीत होते. म्हणाले, तुमच्यामुळे सुटला प्रश्न, आज चारला त्याला केबिनमध्ये बोलावलंय, पोलिसांनाही सांगितलंय, गुन्हा कबूल असल्याचं लिहून सही करून नोकरी सोडली तर ठीक, नाहीतर सरळ ठाण्यात. अण्णा म्हणाले, तो चेहरा खोटा आहे, आमची चूक आहे, थांबा. मग मॅनेजरनी विचारलं, माझ्या आईच्या वेळी खरा होता, आणि आता खोटा कसा? अण्णांनी समजावायला सुरुवात केली तोवर फोन ठेवला गेला होता. पुन्हा लावला तो उचलला नाही. मी संदेश पाठवले, तेही कुणी वाचले नाहीत.

एक वाजायला आला होता. अण्णांनी संगणकाच्या वायरी काढल्या, डबा चादरीत गुंडाळला आणि मला गाडी बोलवायला सांगितलं.

जे. पी. नगर ते होसकोटे म्हणजे शहर आडवं कापायचं. सिल्क बोर्डच्या चौकातच अर्धा तास गेला. अण्णा मागे बसले होते, मांडीवर तो चादरीतला डबा, धक्का बसला की त्याला दोन्ही हातांनी धरत. मी पुढे बसून घड्याळ आणि नकाशा बघत होते. नकाशातली पोचायची वेळ पुढे पुढे सरकत होती, तीन पंचवीस, तीन चाळीस, तीन बावन्न. मारथहळ्ळीच्या पुढे त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"नाव काय त्या माणसाचं?"

मला माहीत नव्हतं. मी फोनमध्ये फोटो उघडून बघितला. फाइलचं नाव 'सिक्युरिटी फोर' होतं. तेच मी वाचून दाखवलं. मी आरशातून अण्णांकडे बघायचं टाळलं. के. आर. पुरमच्या पुलाखाली गाडी अडकली तेव्हा तीन वाजले. डाव्या बाजूला दर्शिनी होती, गाडी दहा मिनिटं जागची हलत नव्हती. मी कॉफी आणू का म्हणून विचारलं. "बेडा," म्हणाले, नको. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

चारला सहा मिनिटं कमी असताना आम्ही फाटकावर पोचलो, आणि तिथे अडलो. डबा आत न्यायला परवानगी नाही. वहीत नाव लिहा, कुणाला भेटायचं ते लिहा, वस्तूचा नंबर लिहा. अण्णा फाटकावरच्या पोराशी कन्नडमध्ये गोड बोलत होते. मी मध्ये पडले. म्हटलं, तुमच्यातल्याच एकाला आत चोर ठरवताहेत आणि तो चोर नाही हे ह्या डब्यात आहे. पोराने वही मिटली आणि आम्हाला सोडलं.

केबिनमध्ये मॅनेजर, ऑफिसातला एक कारकून, एक पोलीस हवालदार, आणि टेबलापुढे उभा तो माणूस. टोपी काढून हातात धरलेली. टेबलावर टाइप केलेला कागद आणि पेन. मी आधी कागदाकडे बघितलं. सही झालेली नव्हती.

तो माणूस माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. भुवया, खळगी, सगळं मीच तर काढलं होतं. फक्त डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, जुनी जखम असावी. फोटो समोरून काढलेला, त्यात ती दिसत नव्हती.

अण्णांनी मॅनेजरना हात जोडले आणि उभ्याउभ्याच कन्नडमध्ये सगळं सांगितलं. दुकानाची चूक, आमची रीत, फोटो, फोल्डर. माझं नाव घेतलं नाही. 'आम्ही' म्हणाले. मॅनेजर ऐकून घेत होते, पण मान हलत नव्हती. म्हणाले, तुम्हाला आता कोर्टाची भीती वाटतेय म्हणून माघार घेताय. हवालदाराने घड्याळ बघितलं. अण्णा म्हणाले, मला अर्धा तास आणि तुमच्या टेबलावरचा पडदा द्या, मग काय ते करा.

आम्ही डबा जोडला. आधी फोटोशिवाय क्लिप चालवली. अकरा मिनिटं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. कारकुनाने चहा आणला तो हवालदाराने घेतला. त्या माणसाला कुणी बस म्हटलं नाही, आणि अण्णाही बसले नाहीत.

पट्टी संपली. भिंतीवरचा माणूस वळला. गोरापान, गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीतला. अशा तोंडाचा माणूस त्या कारखान्यात काय, होसकोट्यात नसेल. मॅनेजर बघत राहिले आणि म्हणाले, म्हणजे फोटो दिला की नीट येतो, असंच ना? मला रडू फुटायचं बाकी होतं.

अण्णांनी त्यांच्यापुढे हात पसरला. "नीट येतो. तुमचा फोटो द्या."

मॅनेजर उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. कुणाला काय बोलताय कळतं का, असं काहीसं म्हणाले. हवालदाराने कप खाली ठेवला. अण्णांचा हात तसाच पुढे होता, आणि ते मागे घेणाऱ्यातले नव्हते, हे मला अडीच वर्षांत चांगलं कळलं होतं. आणखी एक शब्द झाला असता तर आम्हाला बाहेर काढलं असतं, आणि मग त्या कागदावर सही.

"माझा घाला," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून. मग कन्नडमध्ये सांगितलं, की हे काम मी केलं, अण्णा गावात नव्हते, मी त्यांना न विचारता पाठवलं. माझा फोटो घाला.

त्या टोपीवाल्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. "तुमी मराठी हाय व्हय?" त्याने हळूच विचारलं. निपाणीची, मी म्हटलं. तो अथणीकडचा होता. मारुती नाव. अण्णांनी माझा फोटो घालून क्लिप पुन्हा लावली. ती अकरा मिनिटं आमच्याकडे होती आणि त्यात मी त्यांना विचारलं, मामा, हा मी नव्हे, असं तुम्ही सांगितलं नाही का?

"पैल्या दिशी सांगितलं की," ते म्हणाले. "मग साहेबांनी व्हिडिओ दावला. माजंच तोंड. दोन दिस इचार करालोय ताई, मी झोपंत गेलो हुतो का काय."

मी पट्टीकडे बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघायचं मला सुचत नव्हतं.

पट्टी संपली. माणूस वळला, आणि ती मी होते. माझे डोळे, माझं नाक, कपाळावरचा कांजिण्यांचा व्रणसुद्धा. तांब्याच्या तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून मी भिंत चढत होते. मी केलेल्या कामाचा पुरावा म्हणून ते छानच होतं. तरी क्षणभर मला वाटलं, की आता हे सगळे माझ्याकडे वळून बघणार.

मारुतीमामा टेबलाला धरून पुढे वाकले.

"ताई, ह्या तुमी न्हवं," ते म्हणाले. मग मॅनेजरकडे वळून कन्नडमध्ये, घाईघाईने, साहेब ह्या बाई नव्हत्या, मी शपथेवर सांगतो, ह्या आजच आल्यात.

त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं नव्हतं. माझ्यावर आळ येतोय असं त्यांना वाटलं होतं. दोन दिवसांत त्या माणसासाठी हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, आणि त्याने ते माझ्यासाठी उच्चारलं. मी तिथेच तोंडावर ओढणी धरून रडले. लाज वाटायची वेळ निघून गेली होती.

हवालदार उठला, पडद्याजवळ आला. पडद्यावरची मी आणि समोरची मी अशी दोन-तीनदा मान फिरवली. मग मॅनेजरना म्हणाला, ह्याच्यावर मला काही करता येणार नाही, दुसरं काही असेल तर बोलवा. टोपी घालून निघूनही गेला. मॅनेजरनी टेबलावरचा कागद उचलला, घडी केली आणि खणात टाकला. माफी मागितली नाही. उद्यापासून ड्यूटीवर या, एवढं म्हणाले. अण्णांनी तो खण उघडायला लावला आणि कागद फाडायला लावला.

मला वाटलं, संपलं. फाटकापाशी सिक्युरिटीची छोटी खोली होती, तिथे मामा आम्हाला घेऊन गेले. पाणी दिलं. मग उभेच राहिले, काही तरी मागायचं असल्यासारखे. क्लिप मॅनेजरनी कामगारांच्या फोनवर टाकली होती. तिथून ती त्यांच्या गावी गेली होती. बायकोने बघितली होती.

"तिला मी सांगून पटना," ते म्हणाले. "तुमी एकदा बोलता काय? तुमचं पटंल."

मी अण्णांकडे बघितलं. हे ते करतील अशी माझी आशा होती. वयाने मोठे, बोलायला मऊ. अण्णा खिडकीपाशी संगणकाची चादर नीट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मामांनी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज, हॅलोही नाही, नुसतं "काय?" मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हटलं, मामी, त्या व्हिडिओतलं तोंड मी बसवलंय. मशीनने. तिथे तोंड दिसतच नव्हतं. तुमच्या मालकांचा फोटो माझ्याकडे आला आणि मी तो घातला, चूक माझी आहे. ते भिंतीवर नव्हते. साहेबांनीही कबूल केलंय, कागद फाडलाय.

पलीकडे कुठे तरी कोंबड्या ओरडत होत्या.

"मग दोन दिस मी त्येंच्यासंगं बोलले न्हाई," ती म्हणाली. "फोन आला की कट केला. पोरांस्नी पण बोलू दिलं न्हाई. त्येचं काय करायचं, सांगा की."

तिने ते मला दोष द्यायला विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. एवढं शिकलेली बाई फोनवर आहे, तोंडं बसवते, तिला माहीत असेल.

"आता बोला," मी म्हटलं. "इथंच आहेत." आणि फोन मामांच्या हातात दिला.

मामांनी फोन कानाला लावला. त्यांचा चेहरा हळूहळू असा व्हायला लागला की माझी नजर हटेना. तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं. आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची रडणी, दुसऱ्यांच्या पोरींच्या पाठवण्या डोळे फाडून बघितलेला माणूस तो.

"चल बाहेर," म्हणाले. "हे आपण बघायचं नाही."